घडातला सडका मणी

नाशिकच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर निफाडची एक द्राक्षबागवाली मावशी होती. बदललेल्या गुडघ्यात पू झाल्यामुळे डॉक्टरांनी तिचा नवा सांधा काढला होता. तरी ती सगळ्यांना हसवायची.

माझ्याही नव्या गुडघ्याची जखम पाझरत होती. सांगायची लाज वाटे, म्हणून मी पदरानं झाकायचे. तिनं ते पाहिलं आणि बोटांची कात्री करून म्हणाली, “घडातला सडका मणी आपण झाकतो का गं? मी लय दिवस झाकला, मग सगळा घडच काढावा लागला!”

तिनंच डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून तपासलं, मग ऑपरेशन करून गुडघा आतून धुतला. माझा सांधा वाचला.

वॉकर धरून मी पहिल्यांदा चालले, तेव्हा ती खाटेवरून ओरडली, “जा, माझ्या वाटचंही चालून ये!”