माती आणि मुळी

बारा ऑगस्ट, सकाळ. काम साधं होतं. मक्याच्या प्लॉटमधला जो तुकडा वाळत चालला होता, तिथली माती आणि मुळ्या पिशव्यांत भरून तपासणीला पाठवायच्या.

पुढचं वाचण्याआधी एक सांगते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. सासर खुलताबादचं. आमच्या बांधाला लागूनच जुन्या कबरी आहेत आणि तिथल्या लिंबाखाली बसून मी कितीतरी वेळा भाकरी खाल्ली आहे. अंगात आलेल्या बाईच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारून तिला उठवलंय. संभाजीनगरच्या एका बियाणे कंपनीत मक्याच्या बीजोत्पादनाचं काम बघते, आणि या कामात जे डोळ्यांना दिसतं तेच खरं धरायचं असतं.

आमचा बियाण्याचा मका रब्बीत असतो. ऑगस्टमध्ये मी मोकळी, म्हणून कंपनीनं इंडोनेशियाला पाठवलं... तिथल्या मजूर बायकांना तुरे काढायला शिकवायला. मादी ओळींतले तुरे उमलायच्या आत उपटावे लागतात. एक दिवस चुकला तरी बियाण्यात भेसळ होते.

गाव पूर्व जावातलं. केदिरी शहरापासून केलूद ज्वालामुखीच्या दिशेनं तासभर गेलं की सुंबेरवारू लागतं. आजूबाजूला ऊस, मका, मिरची. जमीन काळी, पण आपल्यासारखी चिकट नाही. राखेची, भुसभुशीत, मुठीत धरली की बोटांतून गळते. कौलारू घरं, प्रत्येक दारात झाडलेलं अंगण, मशिदीशेजारी किराणा दुकान. आमच्या प्लॉटच्या पूर्वेला गावाची कबरस्तानाची जागा होती, तिथं चाफ्याची झाडं. मका नेमका त्याच कडेला वाळत होता. लोक काय काय बोलायचे, मला मात्र तिथं हुमणीचा, मुळ्या खाणाऱ्या अळीचा, संशय होता.

सोबत रिनी होती. त्यांच्याकडची शेतीची पदवीधर, तिशीची, चटपटीत. ती मला ‘बू नंदा’ म्हणायची. बू म्हणजे बाई. आम्ही दोघी मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचो.

जीव मात्र अडकला होता सिल्लोडकडच्या एका गावात. माझी थोरली बहीण, अक्का. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. निघताना भेटायला गेले तेव्हा बाजेवरून म्हणाली, “नंदे, मी हाय तवर ये म्हंजे झालं.”

“एकवीसचं परतीचं तिकीट आहे,” मी म्हटलं. “तोवर काही होत नाही तुला.”

“तू काय डाक्टर हायस?” ती हसली. हसताना पदर दातांत धरायची, तशीच.

रोज सकाळी भाच्याला, बाळूला, फोन करायचे. त्या सकाळीही केला. “माय झोपलीय, मावशी,” तो म्हणाला. “रातभर जागी व्हती. तुमी काम उरका.” मी फोन ठेवला आणि पिशव्या घेऊन निघाले.

वाळलेल्या कडेला मी उकिडवी बसून खुरप्यानं उकरत होते. बाकीच्या बायका लांब, दुसऱ्या टोकाला. एवढ्यात म्बाह सुमी आली. म्बाह म्हणजे आजी. सत्तरीची, बांबूची टोपी, तोंडात सदा काहीतरी चघळत असलेली, टोळीतली सगळ्यांत तोंडाळ बाई. माझी पँट बघून पहिल्याच दिवशी सगळ्यांना हसवलं होतं तिनं. ती चार हातांवर थांबली आणि म्हणाली,

“विस माती. मुलीह.”

मला गंमत वाटली. माती तर माती, मुळीसुद्धा! देस, नाम, गुरु असले आपले शब्द त्यांच्यात आहेत हे ठाऊक होतं, त्यातलेच हे असतील. मी मराठीतच उत्तर दिलं, “वीस कशाला, आजी? सहा पिशव्या बास झाल्या.” मातीची मूठ उचलून दाखवली. मक्याचं एक ताट उपटून मुळ्या दाखवल्या. “ही माती. ही मुळी. दोन्ही घेतलं.”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या डाव्या खांद्यापलीकडं बघत तेच पुन्हा म्हणाली, जरा चढ्या आवाजात. मग वैतागून हात झटकला आणि निघून गेली. मी मागं वळून बघितलं. मका होता, दुसरं काही नव्हतं.

चार वाजता रिनीच्या घरी ओट्यावर कॉफी पीत होतो. मी तिला कौतुकानं सांगितलं — तुमची आणि आमची भाषा मावसबहिणी आहेत बघ. मातीला माती, मुळीला मुळी.

रिनीचा कप हातातच राहिला. “असं कोण म्हणालं?”

“म्बाह सुमी.”

“बू, मातीला आम्ही ताना म्हणतो. माती म्हणजे मेलेला. विस माती — मेलेली आहेस आता. मुलीह म्हणजे घरी जा.” तिनं कप खाली ठेवला. “आणि माणसाला असं कोणी बोलत नाही. हा शब्द जनावराला. पाहुण्या बाईला म्बाह असं बोलणंच शक्य नाही.”

“मग कोणाला म्हणाली?”

म्बाहचं घर तिथून चौथंच, दोघी तशाच गेलो. ती अंगणात मिरच्या निवडत होती. रिनीनं विचारल्यावर तिनं मान वर केली नाही. शांतपणे बोलत राहिली, रिनी मला सांगत राहिली.

“म्हणते, तुमच्या मागं जी बसली होती तिला म्हणाले. तुम्हाला कशाला म्हणू?”

“माझ्या मागं कोणी नव्हतं.”

हे ऐकून म्बाहनं सूप बाजूला ठेवलं. जमिनीवर बसली. उजवा पाय दुमडला, डावा सरळ पुढं पसरला, आणि गळ्यातल्या फडक्याचं टोक दातांत धरलं.

अक्काचा डावा गुडघा विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून वाकत नव्हता. ती वीस वर्षं अशीच बसत होती.

मला आठवतंय, मी तेव्हाही हिशेब करत होते. माझ्या मोबाइलमध्ये अक्काचा फोटो आहे का? होता, एकच, लग्नातला, खुर्चीवर बसलेला. म्बाहला तो दाखवलेला नव्हता.

म्बाह पुढं बोलली. आता तिच्या आवाजात तक्रार होती. रिनी सांगताना अडखळायला लागली. “म्हणते... मी तिला दोनदा नीट सांगितलं, मेलीस, घरी जा. तिला कळतच नाही. सांगितलं की मूठभर माती उचलून दाखवते. वर मुळीही उपटून दाखवते. तुम्ही दाखवत होतात ना, अगदी तशीच. दोघी मिळून माझी थट्टा करताय असं वाटलं.”

 तो शब्द ऐकून माती उचलणारं माणूस जावात सापडणार नाही. त्यासाठी आपल्याकडचाच कान लागतो.

अंगणातूनच बाळूला फोन लावला. कशी आहे, झोपली का, असलं काही विचारलं नाही. सरळ विचारलं, “बाळू, मातीला जाऊन आलात का?”

आपल्याकडं अंत्यविधीला मातीच म्हणतात. फोनमध्ये मागं बादल्यांचा, पाण्याचा आवाज येत होता. न्हाणं चाललं होतं.

“तुमाला कोनी सांगितलं, मावशी?”

“कधी गेली?”

“पहाटं. म्हनलं, परमुलखात एकट्या हायेत, आल्यावर सांगू...” मग त्याचा बांध फुटला. “पाऊस लई व्हता. खड्ड्यात पानी भरत व्हतं. दोघं उपसत व्हते अन् आमी माती ढकलत व्हतो. नीट झालं नाय, मावशी. घाईघाईत उरकलं.”

“शेवटी काही बोलली?”

“रातभर एकच. नंदी कुठं हाय? म्या म्हनलं, लांब हाय, मक्यात. तर म्हनली, मक्यात व्हय? मग म्याच जाते.”

फोन बंद केला तेव्हा म्बाह माझ्याकडंच बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. रिनीकरवी एवढंच सांगितलं तिनं: माझी भाषा तिला समजत नाही. तुमच्या भाषेत तुम्ही सांगा. नाहीतर ती तिथंच उकरत बसेल.

वर्ष होत आलं. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. म्बाहला कोणी अक्काबद्दल सांगितलं असेल? मी रिनीशी फक्त ‘बहीण आजारी’ एवढंच बोलले होते. योगायोग म्हणावा तर पायाचं काय, आणि पाय सोडला तरी त्या मुठीतल्या मातीचं काय? तपासणीत मुळांवर हुमणीच निघाली, त्या कडेच्या वाळण्याचं कारण मिळालं. याचं नाही मिळालं.

तेरा तारखेला सकाळी उजाडल्यावर मी सहाही पिशव्या घेऊन त्या कडेला गेले. पाच तपासणीला ठेवल्या, एक उघडली. आमच्यात पुरतात आणि आलेला प्रत्येक जण मूठभर माती देतो. माझी द्यायची राहिली होती. ती कोरडी, राखेची माती मी उकरलेल्या जागी टाकली आणि हातानं नीट दाबली, पाणी शिरू नये तशी.

मग मोठ्यानं म्हटलं, “अक्का, तुझी माती झाली. काल दुपारी झाली, मी पोचले नाही. आता इथं काही नाही. घरी जा.”

चाफ्याखालून म्बाह बघत होती. तिनं थोडा वेळ माझ्या डावीकडं नजर धरून ठेवली, मग कबरस्तानापलीकडं रस्त्याकडं हळूहळू नेली, अगदी हळू... कोणीतरी पाय ओढत जात असावं तशी. मग माझ्याकडं बघून मान हलवली.

बायका आल्या होत्या. तुरे वर आले होते, दुपारच्या आत सगळ्या मादी ओळी काढायच्या होत्या. मी हात झटकले आणि पहिल्या ओळीत शिरले.