जीपच्या डब्यातलं पाणी

चाकण सोडून डोंगराकडे वळलं की पुढे पेट्रोल पंप नव्हता. म्हणून आमच्या जीपच्या पाठीवर लोखंडी चौकट जोडून तिच्यात पेट्रोलचा जादा डबा बसवलेला असे, कुलूप घालून. जीप लष्कराने लिलावात काढलेली. ओढ्यातून, ढेकळांतून कुठेही जायची, पेट्रोल मात्र अधाशासारखं प्यायची. पिंपरीच्या एका कारखान्याने आसपासच्या गावांसाठी फिरता दवाखाना काढला होता आणि त्यावर मी नर्स होते. सत्तर साल उलटून गेलेलं, पेट्रोल महागलेलं.

जीप चालवायचे ते निवृत्त हवालदार. सगळे त्यांना मामा म्हणत. डब्याच्या कुलपाची एक किल्ली मामांकडे आणि दुसरी कारखान्याच्या गाड्यांचा कारभार बघणाऱ्या साहेबाकडे. रविवारी जीप त्या साहेबाच्या बंगल्यामागे उभी असे.

एका सोमवारी भामा नदीच्या खोऱ्यातल्या वस्तीवर एक पहिलटकरीण अडलेली सापडली. मूल पायाळू होतं. तिला पुण्याला नेणं भाग होतं. जीपमध्ये मागे गोधडी अंथरून तिला निजवलं, उशाशी तिची सासू बसली. नेहमीची वाट खचली होती, म्हणून मामांनी गाडी नदीच्या पात्रातून काढली. वाळूत चाकं रुतायची, गाडी गुरगुरत वर यायची. पात्र ओलांडेपर्यंत टाकी तळाला गेली. मामांनी उतरून जादा डबा टाकीत रिकामा केला.

"आता पुण्यापत्तुर काळजी न्हाई, बाई."

जीप थोडी चालली, मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मामांनी डब्याच्या तळाचं उरलंसुरलं ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि ओंजळ माझ्यापुढे धरली.

"बाई, ह्ये पानी हाय."

शनिवारी पंपावर तो डबा भरताना मी स्वतः बघितला होता. मामांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की आम्ही दोघं एकाच माणसाचा विचार करतोय. साहेबाने पेट्रोल काढून घेतलं होतं आणि वजनात फरक कळू नये म्हणून त्याच्या जागी पाणी भरलं होतं.

मामा चाकणच्या रस्त्याकडे पळत सुटले. त्या वयात तो माणूस पळत गेला आणि कांद्याचा एक ट्रक घेऊन आला. तोवर जीपमध्येच बाळंतपण झालं होतं. डोकं अडकलं. मी जे येत होतं ते सगळं केलं. मुलगी होती. रडली नाही. आई तेवढी वाचली.

सासूने मामांच्या तोंडावर थुंकून विचारलं, "पेट्रोल इकून खाल्लंस व्हय रं?" मामांनी तोंडसुद्धा पुसलं नाही.

कारखान्यात साहेबाने तेच शब्द जरा सभ्य करून सांगितले. मी मॅनेजरसमोर म्हटलं, "दुसरी किल्ली यांच्याकडे असते." साहेब वेलदोडा चघळत होता. "सिस्टर," तो म्हणाला, "तुमच्याकडे पुरावा आहे का?" पुरावा नव्हता. मामांना कामावरून काढलं. त्यांनी खाकी कपडे नीट घडी घालून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

न्याय वगैरे शब्द मला नंतर सुचले. तेव्हा मला फक्त त्या माणसाचं वाईट झालेलं बघायचं होतं. तो समोरून गेला की माझे दात आवळले जात. तो पेट्रोल काढायचा कसा, हे नव्या ड्रायव्हरने सांगितलं. बंगल्यामागे खिळ्याला रबरी नळी टांगलेली असते. एक टोक डब्यात, दुसरं तोंडात, आणि एकदा जोरात ओढायचं.

ते ऐकलं आणि मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी.

शनिवारी आम्ही डब्यातलं पेट्रोल जीपच्या टाकीत ओतून घेतलं. डबा पाण्याने भरला. तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध दवाखान्यात बाटल्यांनी होतं. घोटभर पोटात गेलं तरी जीव जाणार नाही, पण जिभेला लागलं की दिवसेंदिवस निघत नाही. बाटलीमागून बाटली मी डब्यात रिती केली. वर तांब्याभर पेट्रोल सोडलं. ते पाण्यावर तरंगतं. झाकण उघडलं की वास पेट्रोलचाच येणार, नळी मात्र तळाशी जाणार. कुलूप लावून किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. नवा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मी काय बघितलं नाही."

सोमवारी मॅनेजरच्या खोलीत सगळ्या खात्यांची बैठक असे. औषधांची मागणी घेऊन मी मुद्दाम तेव्हाच आत गेले. साहेब तोंडावर रुमाल धरून बसला होता. काहीतरी विचारलं म्हणून त्याला रुमाल काढावा लागला. ओठ, दात, जीभ, हनुवटी, सगळं जांभळं.

मॅनेजर बघतच राहिले. "हे काय झालं हो?"

"जांभळं खाल्ली, साहेब."

"पौषात?"

मी पुढे झाले. "ते माझं औषध आहे. शनिवारी मी जीपच्या डब्यात ओतलं. ड्रायव्हरची किल्ली ही माझ्याकडे आहे. आता दुसरी कुणाकडे आहे, ते विचारा."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. तो रुमाल शोधत राहिला, रुमाल त्याच्या पायाशी पडला होता. मी तिथून हलले नाही. पोटभर बघून घेतलं. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली.

मामांना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. मी त्यांच्या गावी जाऊन जांभळ्या तोंडाची हकिकत रंगवून सांगितली. ते म्हणाले, "बरं केलंत, बाई. पन ती जीप आता नगं."

जीपमध्ये बाळंत झालेली ती पोर पुढच्या वर्षी दवाखान्याच्या रांगेत भेटली, तिलाही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्यो रंग गेला आसंल न्हवं?"

"गेला. आठ-दहा दिवसांत."

"मंग," ती म्हणाली आणि पदर सावरून पुढे सरकली.

त्यानंतर पिंपरी कॅम्पातल्या दुकानांच्या गल्लीत तो मला कितीदा तरी दिसला, बायकोबरोबर, नंतर नातवाला घेऊन. तो वाट बदलू लागला की मीही बदलायची. अगदी समोर उभी राहायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. बायको विचारायची, "कोण हो या?" तो खिशातला रुमाल काढून तोंडाला लावायचा. त्याने बाजाराला येणं बंद करेपर्यंत मी एकदाही चुकवलं नाही.