तिखट खाणारा जावई

लग्न ठरल्यानंतर मी पहिल्यांदा गव्हाणला जेवायला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते होणाऱ्या सासरच्या सगळ्या माणसांनी पाहिलं.

मी पनवेल गावातला. आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. फोडणीतली मिरची चुकून कुणाच्या ताटात आलीच, तर ती दोन बोटांनी उचलून ताटाच्या कडेला ठेवायची, अशी आमच्याकडे शिस्त आहे. कडेला ठेवलेली ती मिरची बघूनही माझे वडील पाणी प्यायचे. कॉलेजात गेल्यावर मी मासे खायला लागलो, पण ते हॉटेलातले, नारळाच्या दुधात पोहणारे. त्यामुळे आपण सगळं खातो असा माझा प्रामाणिक समज होता.

बायकोचं माहेर गव्हाणचं, आगरी घर. सासरे बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी. सासूबाईंच्या हातच्या कालवणाचं नाव आसपासच्या चार गावांत घेतलं जातं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जिताडा आणला होता. खाडीतला हा मासा आमच्या भागात पाहुण्याचा मान ठेवायचा असेल तेव्हा रांधतात. पहिला घास मी कौतुकानं खाल्ला. दुसऱ्याला कान गरम झाले. तिसऱ्याला उचकी लागली आणि डोळे वाहू लागले.

"डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हणालो.

"दोनी डोल्यांत?" मेहुण्यानं अगदी काळजीनं विचारलं.

सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी साखरेची वाटी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. बारशाला आलेल्या लहान मुलांसमोर ठेवतात तशी. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली मान घालून जेवत राहिले आणि मी शास्त्रापुरती भाकरी साखरेशी खाल्ली.

परतताना मी होणाऱ्या बायकोला म्हणालो, "जरा जास्तच तिखट होतं का आज?"

"छे," ती म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून आईनं हात आखडताच घेतला होता."

मी खारघरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतो. माणसाला नियोजन शिकवणारा माणूस स्वतःच्या जिभेपुढे हार मानतो, हे मला पटेना. लग्नाला पाच महिने होते. मी ठरवलं की तिखटाची सवय करायची, आणि ती पद्धतशीर करायची.

स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे एक सर होते, मूळचे कोल्हापूरचे. तिखटावर बोलायचा अधिकार आपल्याला जन्मानं मिळाला आहे अशा थाटात ते बोलत. मी त्यांना गुरू केलं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी नियम सांगितले. तिखट लागल्यावर पाणी प्यायचं नाही. चेहरा बदलू द्यायचा नाही. घाम आला तर तो पुसायचा नाही, कारण पुसला की समोरच्याला कळतं.

"तिखट जिभेला लागत नाही, सर," ते म्हणाले. "मनाला लागतं. मन घट्ट करा."

हे सांगताना ते स्वतः दहीभात खात होते. पित्ताचा थोडा त्रास आहे म्हणून सध्या, असं ते म्हणाले. त्यांचं ते 'सध्या' मी कॉलेजात लागल्यापासून चालू होतं, पण शिष्यानं गुरूच्या डब्यात बघू नये.

मी रोज जेवताना एक हिरवी मिरची खायला लागलो. वरणभाताबरोबर कच्ची मिरची कचाकचा चावणारा मुलगा बघून आईला वाटलं, मला हे लग्न करायचं नाहीये आणि ते सांगता येत नाहीये. "मनात काही असेल तर बोल," ती एकदा म्हणाली. मला बोलता येत नव्हतं, कारण तोंडात जाळ होता. पंधरा दिवसांनी मी दोन मिरच्यांवर गेलो. मग ठेचा आला. मोबाईलवर परदेशी माणसं मिरच्या खाऊन जमिनीवर लोळतात, असे व्हिडिओ मी रात्रीच्या जेवणानंतर अभ्यास म्हणून बघू लागलो. पोटाचं काय झालं ते सांगत नाही. सकाळी कॉलेजात मला उशीर होऊ लागला एवढंच सांगतो.

लग्न झालं. आम्ही खारघरला राहायला आलो आणि एक रविवार सोडून एक रविवार गव्हाणला जेवायला जाऊ लागलो. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात माझ्या लक्षात आलं की कालवण मला सोसतंय. दुसऱ्या वेळी तर मी दोनदा वाढून घेतलं. चौथ्या-पाचव्या रविवारी मी वाटीला वाटी लावून रस्सा प्यालो आणि उचकीही आली नाही.

माझी छाती फुगली. नवशिक्या माणसाला जे होतं ते सगळं मला झालं. ठेच्याची छोटी डबी खिशात घेऊन मी कॉलेजात जाऊ लागलो आणि कँटीनमध्ये पनीर मागवणाऱ्या सहकाऱ्यांकडे दयेनं बघू लागलो. कुणी "फार तिखट आहे हो" म्हणालं की मी हसायचो. आईच्या हातची आमटी मला चहासारखी लागते, असं मी आईलाच सांगितलं. गव्हाणला तर मी व्याख्यानं द्यायचो. लवंगी मिरचीचा जाळ कसा, बेडगीचा रंग कसा, दोन्हीचं प्रमाण किती असावं, हे मी सासूबाईंना सांगितलं आहे. ज्या बाईनं आयुष्यभर दर उन्हाळ्यात घरच्यासाठी मसाला केला, तिला. त्या पदराला हात पुसत उभ्या राहून ऐकायच्या. "होय का," एवढंच म्हणायच्या.

काही गोष्टी मला दिसत होत्या, पण कळत नव्हत्या. मेहुणा कालवणाबरोबर वाटीभर सुकी चटणी घेऊन बसायचा. सासरे रविवारी फार कमी जेवायचे. वय झालं, मला वाटायचं. एकदा मी त्यांना म्हणालोसुद्धा, "बाबा, तिखट झेपत नसेल तर सांगत जा, आईंना मी सांगतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

असं वर्ष गेलं. मग बायकोच्या चुलत भावाचं लग्न आलं. हळदीच्या दिवशी दुपारपासूनच जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. मांडवामागे चुलीवर मोठमोठ्या पातेल्यांत मटणाचा रस्सा उकळत होता आणि गावातल्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी जावई, म्हणून मला पहिल्या पंगतीत बसवलं. वाढणारा माणूस माझ्यापाशी आल्यावर थांबला. त्यानं पळ्यानं बादलीतली वरची तर्री बाजूला सारली.

"तर्री बाजूला सारू नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "तीच वाढा. शहरातला म्हणून संकोच करू नका."

"नक्की ना, जावय?"

"मला सवय आहे."

त्यानं तर्री वाढली. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, नीट बुडवला आणि खाल्ला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कानांत शिट्टी वाजू लागली. समोरच्या माणसाचे ओठ हलत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. गुरूंचे नियम आठवून मी पाणी प्यालो नाही आणि घामही पुसला नाही, त्यामुळे तो सरळ हनुवटीवरून रश्श्यात पडत राहिला. चेहरा मात्र माझ्या ताब्यात राहिला नव्हता. इतक्यात तो वाढणारा परत आला आणि माझी मान हलत होती ती होकारार्थी समजून त्यानं आणखी एक पळा वाढला. मी उठलो. पंगतीतून मधेच उठणं वाईट दिसतं हे मला माहीत होतं, पण तोपर्यंत मी मांडवाबाहेर पोहोचलो होतो.

घराच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी मी नळाखाली तोंड धरून उभा राहिलो. मेहुणा मागोमाग आला. त्याच्या हातात सोललेली केळी होती.

"खावा," तो म्हणाला. "पाण्यानं नाय जायाचं ते."

केळं खाऊन जीभ हलवता आली तेव्हा मी म्हणालो, "हे काहीतरी वेगळंच आहे. आपल्या घरी मी एवढं तिखट खातो..."

तो टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "दाजी, आपले घरी तुमी तिखट नाय खात. आपले घरी आमी फिकं खातो."

मला समजेना. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. साखरेच्या वाटीच्या त्या दिवसानंतर सासूबाईंनी ठरवलं होतं की जावई या घरात परत उपाशी उठणार नाही. माझ्यासाठी वेगळं केलं तर माझा अपमान होईल, म्हणून मी येणार त्या रविवारी सगळ्या घरासाठीच त्या मसाला अर्ध्याहून कमी घालत. रंग यावा म्हणून नुसती काश्मिरी मिरची. घरातल्या सगळ्यांना ताकीद होती की चेहरा वाकडा करायचा नाही. सासरे त्या रविवारी अकरा वाजताच शेजारी त्यांच्या भावाकडे जाऊन नीट जेवून येत.

"आनि तुमी वरून बाबांना सांगितलं, झेपत नसंल तर सांगा," मेहुणा म्हणाला. "तवा मना उठून जावं लागलं, हसू यायचं म्हनून."

मी दुसरं केळं खाल्लं. वर्षभर सबंध घर माझ्यापायी आजाऱ्यासारखं जेवत होतं आणि मी त्यांना मिरच्यांचे प्रकार शिकवत होतो.

त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अर्थात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतका खूष होतास," ती म्हणाली. "आणि तुला सांगून टाकते, असं आईला म्हटलं तर ती म्हणाली, राहू दे, पोटभर जेवतोय ना."

पुढच्या रविवारी मी गेल्या गेल्या स्वयंपाकघरात शिरलो. सासूबाई कोलंबी सोलत होत्या. मी म्हणालो, "आई, मला सगळं कळलं. आजपासून घरात रोज करता तसंच करा. मी भाकरी चटणीशी खाईन, पण तुम्ही फिकं खाऊ नका."

त्यांनी कोलंबीवरची नजर काढली नाही. "जावयानं चटनी खायाची नि आमी कोलंबी, असं नाय होत," त्या म्हणाल्या. "आनि एका दिसात जीभ नाय बनत. तुमी मधे पडू नका. मी बघते."

मग खरी तालीम सुरू झाली, आणि ती माझ्या हातात नव्हती. त्या दर खेपेला मसाला किंचित वाढवत, किती ते कुणाला सांगत नसत. मला एवढंच काम दिलं की घाम आला तर पुसायचा, पाणी हवं तर प्यायचं आणि तिखट लागलं तर सांगायचं. गुरूंचे तिन्ही नियम असे एका वाक्यात निकालात निघाले. उन्हाळ्यात त्यांनी मला मसाल्याच्या कामालाही बसवलं. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचे देठ मी दोन दिवस काढले. न विसरता डोळा चोळला. खाली मिरच्या भाजायला घेतल्या तेव्हा घरातला प्रत्येक माणूस खोकत होता, आणि मी पहिल्यांदाच बघितलं की त्यांनाही तिखट लागतं. सासूबाईंच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या ते सरळ पदरानं पुसत होत्या आणि पुढची मिरची तव्यावर टाकत होत्या.

दीड-एक वर्ष लागलं. एका रविवारी सासरे अकरा वाजता घरातच पेपर वाचत बसलेले दिसले, तेव्हा मला कळलं की मी पास झालो. त्या दिवशी कालवण खरोखर तिखट होतं. मला घाम आला, नाक वाहिलं, आणि मध्येच जिताड्याची चव लागली. एवढी वर्षं मी तिखटाशी लढण्यात इतका गुंतलो होतो की मासा खायचा राहूनच गेला होता. मी ठेच्याची डबी कॉलेजात नेणं सोडून दिलं. अर्थशास्त्राच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्यांनी पहिल्यापासून हेच सांगितलं होतं. ते दहीभात कालवत होते.

गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी त्यांचं तिखट बंद केलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. फिकं खायला काय करतात हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण माझ्यासाठी करायचे तो त्यांच्या मते फक्त कमी मसाल्याचा स्वयंपाक होता. शेवटी माझ्या आईला बोलावलं. आई हौसेनं आली, स्वतःचा गूळ बरोबर घेऊन. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. गुळाचा खडा आमटीत पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, दुसरा घेतला. आई वाट बघत होती.

"बरी हाय," ते म्हणाले. मग बराच विचार करून त्यांनी आईला अदबीनं विचारलं, "ताई, ही जेवनाआधी खायाची का नंतर?"

"जेवणातच," आई म्हणाली. "भातावर."

त्यांनी भात घेतला, त्यावर आमटी ओतली, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध घ्यावं तशा गंभीरपणे सगळी संपवली. आता आई दर महिन्याला एकदा गव्हाणला जाते आणि त्यांना आमटी करून घालते. गूळ जरा कमी घालत जा, असं मी तिला सुचवून बघितलं. "तू मध्ये पडू नकोस," ती म्हणाली, "मी बघते."