युझेनताईसाठीचा भाव

आमच्या मंडईत लुओ युझेनशी सगळेच खोटं बोलायचे, तेही मायेपोटी. ती सांख्यिकी कार्यालयासाठी भाव टिपायची. ठरलेली दुकानं, ठरलेला माल, ठरलेली वेळ. मोबाईलवर आकडा भरायचा आणि पुढे जायचं. डुकराच्या मांसासाठी तिला माओ देशानचं दुकान नेमून दिलं होतं. त्याच्या समोरच माझी शेवयांची गाडी, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

देशान गिऱ्हाइकाला एक भाव सांगे आणि तिला बराच कमी. दर खेपेला विचारपूस करणाऱ्या बाईला चढा भाव सांगायला त्याची जीभ रेटायची नाही. शिवाय भाव जास्त दिसला तर चौकशी लागेल, ही धास्ती. ती म्हणायची, मला विकत घ्यायचं नाहीये, लोकांना सांगतोस तो सांग. "म्हणजे ताई, तुला परकी समजू होय?" टोफूवाली, अंडीवाली, सगळ्यांची तीच तऱ्हा. आणि संध्याकाळी महागाई आटोक्यात असल्याची बातमी लागली की हीच मंडळी तिला विचारायची, हा कुठल्या देशातला भाव गं?

त्या हिवाळ्यात मांस भलतंच कडाडलं. महागाईचा आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की निराधारांना जादा भत्ता मिळतो. माझ्या गाडीमागच्या खोलीत एकटी राहणारी छियू आजी त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. बऱ्याच वर्षांनी मुलगा नववर्षाला घरी येणार होता आणि सणाच्या रिवाजाप्रमाणे चुलीवर धुरी द्यायला मांस टांगायचं होतं. आकडा रेषेच्या जरासा खाली राहिला. भत्ता आला नाही.

युझेनने देशानला सगळं समजावलं. तुमच्या मायेने म्हातारीचा भत्ता खाल्ला, असंही म्हणाली. देशानचं तोंड उतरलं.

पुढच्या खेपेला त्याने दुप्पट भाव सांगितला.

"देशान, खरा सांग."

"तुला किती हवाय ते बोल ना. आजीला भत्ता मिळेल एवढा सांगतो."

"मला हवा तो नको रे. आहे तो सांग."

त्याला काही उमगेना. माझा तर संताप झाला, पण कोणावर करायचा तेच कळेना. शेवटी ती बाजूला उभी राहिली. आता गिऱ्हाइकाला सांगेल तो भाव ऐकायचा. नेमकी छियू आजी आली. देशानने भाव न सांगताच जाडजूड तुकडा कापला, तिच्या पिशवीत घातला आणि पैसे घेतले नाहीत. मागची माणसं युझेनकडे बघत उभी राहिली; भाव कोणी विचारेना.

आजी हरखून तिला म्हणाली, "पोरी, लिही तुझ्या त्यात. मांस स्वस्त झालं."

युझेनने मान डोलावली आणि भावाची जागा कोरीच सोडली. नियमाप्रमाणे कार्यालयाने तिथे मागच्या महिन्याचा, तोच मायेचा भाव भरला.