पहिल्या पानावर अडलेली मंडळी

सहा वर्षं झाली, आम्ही चौघं दर रविवारी सकाळी तेलंगणातल्या आदिलाबादला लिहायला जमतो. कथा झाल्या असतील दोन-चार. किस्से म्हणाल तर पोतं भरून झाले!

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. प्रल्हाद सर, मराठी शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. आम्ही बसतो ती ओसरी त्यांचीच. दिगंबर भैंसा गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर; बसनं येतो आणि दर वेळी उशिराच येतो. विमलताई तहसील कचेरीत कारकून. आणि मी टपाल खात्यातला.

आम्ही तिघं तसे हौसेनं अडलेलो. विमलताईंची अडचण मात्र खरी होती. त्यांची माय सखुबाई. उभा जन्म लोकांच्या वावरात कापूस वेचला आणि लेकीला शिकवलं. आता तिला विसर पडत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जे विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या. मायला समजतंय तोवर तिची गोष्ट लिहून तिला वाचून दाखवायची, एवढीच विमलताईंची इच्छा. दोनशे पानी वही आणली. वर्ष गेलं, तरी वही कोरीच होती!

"सुरुवात कुठून करू, तेच ठरून नाही राह्यलं," म्हणायच्या.

*

प्रल्हाद सरांची कादंबरी नायकाच्या नावापाशी अडली होती. मधुकर ठेवावं, तर ते त्यांच्या साडूचं नाव. वसंत ठेवावं, तर गल्लीत दोन वसंत! शेवटी मतदार यादी घेऊन बसले. महिनाभर ओसरीवर नुसती यादीच चालली होती.

एक दिवस सरांची बायको, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अवो, आपल्या पोराचं नाव तं तुमी अर्ध्या घंट्यात ठेवलं होतं!"

सर यादीतून मान वर न काढता म्हणाले, "त्यालेच तं पस्तावून राह्यलो!"

*

दिगंबरचं वेगळंच. त्याच्या कथेत नवरा बायकोला एक साधा प्रश्न विचारतो. दिगंबरनं आधी लिहिलं 'काऊन'. मग खोडून 'का'. मग 'कशासाठी'. मग पुन्हा 'काऊन'. कागदाला भोक पडलं, पण त्या बिचाऱ्या नवऱ्याचा प्रश्न काही विचारून झाला नाही.

मी म्हटलं, "अरे, आपन बोलतो तसं लिव ना गा!"

"तसं कसं? पुन्याचा मानूस वाचंल तं काय म्हनंल?"

विमलताई शांतपणे म्हणाल्या, "दिगंबरभाऊ, पुन्याचा मानूस तुमची कथा वाचंल काऊन?"

दिगंबरनं त्याच दिवशी कथा पुरी केली!

*

आता माझी फजिती. मला कथा सुचत नाही, पण रजेचा अर्ज म्हणाल तर पाच मिनिटांत दीड पान! सरांनी तोडगा काढला. म्हणाले, "मंग कथा अर्जासारखीच लिवा. हात तं चालंल!"

मी खरंच लिहिली. आजोबांची म्हैस हरवते आणि सापडते, एवढीच गोष्ट. वाचायला उभा राहिलो, तर पहिली ओळ निघाली, "विषय: म्हैस हरवल्याबाबत," आणि शेवटची, "तरी मेहेरबानांनी योग्य तो विचार करावा."

दिगंबर म्हणाला, "मंजूर!"

सगळे हसले. विमलताईही हसल्या, पण मग म्हणाल्या, "मीबी दिवसभर तेलुगूत लिहिते. येक डावबी अडत नाही. ते लोकायचं असते ना! मायचं लिहाले बसली का वाटते, चुकलं तं?"

सरांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. तो तसाच थंड झाला.

*

विचार फार होतो म्हणून एकदा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. प्रत्येकानं एक विषय लिहून डब्यात टाकायचा, सरांनी एक उचलायची, आणि जो निघेल त्यावर गुमान लिहायचं. डोकं लावायचंच नाही! चिठ्ठ्या लिहायलाच पाऊण तास गेला. सरांनी एक उघडली, दुसरी उघडली, मग राहिलेल्या दोन्ही उघडल्या.

चारही कोऱ्या!

*

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. थंडी कडाक्याची. घरी कोणी नव्हतं म्हणून विमलताई मायला सोबतच घेऊन आल्या. ओसरीवर उन्हात खुर्ची टाकून दिली. वही उघडली आणि आमचं सुरू झालं. सर म्हणाले, "जन्मापासून घ्या." दिगंबर म्हणाला, "लगनापासून. वजन येते." मी म्हटलं, "कापूस वेचण्यापासून." विमलताई पेन धरून नुसत्या बसल्या होत्या.

माय बराच वेळ त्या पेनाकडे बघत होती. मग विमलताईंनाच म्हणाली, "बाई, तुमाले लिवता येते काय?"

त्या दिवशी मायनं लेकीला पहिल्यांदाच ओळखलं नाही. विमलताईंचा चेहरा मला बघवेना. पण आवाज हलू न देता त्या म्हणाल्या, "येते."

"मंग माह्या पोरीले येक चिठ्ठी लिवून द्या. कचेरीत हाय ते. तिले येळ नसते."

"काय लिहू?"

"लिवा. पोरी, शिक्यात भाकर हाय, चटनी हाय, शाळेतून आली का खाऊन घेजो. पाटी फुटली म्हनून रडू नोको, नवी घेऊ. म्या वावरात हाय. दिवस बुडाला का यीन."

माय सांगत गेली आणि विमलताई लिहीत गेल्या. कुठून सुरुवात, कोणती भाषा, काही नाही. पान भरलं, उलटलं, दुसरंही भरलं. मग त्यांनी सगळं वाचून दाखवलं. माय मान हलवत ऐकत होती.

सर डोळे पुसत आत गेले आणि शाईचं पॅड घेऊन आले, चिठ्ठीखाली मायचा अंगठा घ्यायला.

माय भडकली. "आंगठा काऊन? दस्कत येते मले! पोरगी पयलीत होती, तवा तिनंच शिकोलं. चुलीपाशी, राखीत बोट फिरवून फिरवून."

विमलताईंनी पेन तिच्या हातात दिला. सखुबाईनं वही जवळ ओढली आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोर देऊन दस्कत केलं.

विमल.