रोज काय गिळता?

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात कोणाची जमीन किती, कोणाचा जावई कुठे नोकरीला आणि कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. पण कोण रोज कोणती गोळी गिळतो हे पुरतं फक्त माझ्या मामीलाच ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यालाही नव्हतं. ज्याचं त्यालासुद्धा नव्हतं, कारण आमच्याकडची माणसं गोळी घेतात आणि विसरून जातात, रंग तेवढा ध्यानात ठेवतात. मामीला मात्र नाव, ताकद, सकाळची की संध्याकाळची, जेवणाआधी की नंतर, सगळं पाठ. बाजारात एखादा माणूस समोरून आला की आपण त्याचा चेहरा बघतो. मामी त्याचे ओठ सुकलेत का ते बघायची.

ती एका डेंटल क्लिनिकमध्ये हायजिनिस्ट होती, म्हणजे दात आणि हिरड्या साफ करून द्यायचं काम. आता दात साफ करायला आलेल्या माणसाला दातांबद्दल विचारावं, पण मामीचा पहिला प्रश्न ठरलेला: "रोज काय गिळता?" औषध चालू आहे का, असं ती चुकूनही विचारत नसे. तसं विचारलं की आमच्याकडचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "नाही जी, दवाई बिलकुल नाही." आणि खोटं बोलत नसतो. रोजची गोळी ही त्याच्या लेखी दवाई नसतेच. दवाई म्हणजे ताप आल्यावर घेतात ती. बीपीची गोळी म्हणजे चहा, आंघोळ, पेपर यांच्यासारखी घरचीच गोष्ट. एका रिटायर्ड गुरुजींनी असंच "काही नाही" सांगितलं होतं. मग मामीनं सकाळच्या चहापासून उलटतपासणी घेतली, तेव्हा रक्त पातळ करायची गोळी निघाली. गुरुजी म्हणाले, एवढंच ना, उद्यापासून बंद करतो. मामी खुर्चीसमोर अशी उभी राहिली की गुरुजींना उठता येईना. ज्या डॉक्टरनं ती दिली त्याला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, असं त्यांच्याकडून वर्गातल्या पोरासारखं तीनदा म्हणवून घेतलं. हे मला गुरुजींनीच सांगितलं.

भरवेलीच्या खाणीतला एक फोरमन तर तिच्या हातात पडतापडता वाचला. तो डायबेटिसची गोळी घेऊन, सकाळपासून पाण्याचा थेंबही न पिता येऊन बसला होता. दुसऱ्याला आपलं तोंड साफ करायला लावायचं तर ते उष्टं करून कसं जायचं, असा त्याचा सभ्य विचार. खुर्चीत त्याला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. बाकीच्या पेशंटांना वाटलं गडी सुईला भ्यायला. मामीनं यंत्रं बाजूला ठेवून आधी त्याला साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना हाक मारली, आणि तो ताळ्यावर आल्यावर दोन पोळ्या खाऊन यायला पिटाळलं. हे सगळं तो फोरमन स्वतःच हसतहसत सांगतो. त्या दिवसापासून मामीच्या पर्समध्ये गुळाचा खडा कायम. त्याला मुंग्या लागायच्या आणि लग्नकार्यात आम्ही भाचेमंडळी त्या मुंग्या झटकत बसायचो.

घरात तर विचारूच नका. मामाला दम्याचा पंप होता. पंप घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, हा मामीचा कायदा. माझ्या चुलतभावाच्या वरातीत, बँड ऐन रंगात असताना, मामानं गुपचूप पंप ओढला. मामीनं घोड्यासमोरची गर्दी बाजूला सारली, हातातला तांब्या पुढे केला आणि नवरदेवाकडे पाठ करून मामाला रस्त्याच्या कडेला चूळ भरायला लावली. बँडवाले तेवढा वेळ थांबले. मामा हा जगातला सर्वात स्वच्छ तोंडाचा आणि सर्वात कमी बोलणारा माणूस होता, आणि या दोन गोष्टींचा संबंध असावा असं मला वाटतं. पण मामीची एक गोष्ट मात्र मानायला हवी. प्रश्न ती चारचौघांत विचारायची, उत्तर मात्र तिच्या पोटातून कधी बाहेर येत नसे. साऱ्या जिल्ह्याच्या गोळ्या त्या पोटात होत्या, तिथून एकही कधी सांडली नाही.

माझ्यासाठी मुलगी बघायला आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका गावी निघालो, तेव्हा आईनं गाडीतच मामीकडून शब्द घेतला. तिथे कोणालाही रोज काय गिळता विचारायचं नाही. वर तोंडात धरायला लवंगही दिली. मामी रुसून खिडकीकडे तोंड करून बसली, पण शब्द दिला. तिथे पोचल्यावर रीतीप्रमाणे सगळं झालं. मुलीची आई म्हणाली, "पोरीले दवाई-पाणी काहीच नाही जी, एकदम तब्येतीनं." मुलगी पोहे घेऊन आली, माझ्याकडे बघून जरा हसली, आणि मी पार निकामी झालो. मामी मात्र लवंग चावायची थांबली. मग उठली आणि पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या उचलून थेट आत गेली. पाहुण्यांनी ताटल्या उचलायची पद्धत कुठेच नाही. थोड्या वेळानं आतून भांडं पडल्याचा दणदणीत आवाज आला. मामी बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळ्याची जाळी, पदराला भाताचा कोंडा, आणि चेहरा असा की जणू देवळातून आली. आईनं डोळे मिटून घेतले.

आत काय झालं ते मला पुढे त्या मुलीनंच सांगितलं, आणि हे लिहू का असं विचारल्यावर तिनंच हो म्हटलंय, म्हणून लिहितोय. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. त्याची गोळी चालू होती आणि कित्येक वर्षांत फिट आलेली नव्हती. त्या गोळीनं कधीकधी हिरड्या फुगून दातांवर चढतात. त्या हसण्यात आम्हाला हसू दिसलं, मामीला हिरड्या दिसल्या. नक्की काय ते तिला तेवढ्यावरून कळणार नव्हतं, बीपीच्या एखाद्या गोळीनंही तसं होतं. पण एवढ्या तरुण पोरीला बीपी कशाला असेल, एवढा हिशेब तिनं केला. चुलीजवळ उभं राहून मामी हळूच म्हणाली, "पोरी, तू रोज काय गिळते ते मी इचारणार नाही, शब्द देऊन आली आहे. फक्त येवढं सांग, आज गिळली का?"

पोरगी रडायलाच लागली. पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून वडिलांनी आदल्या दिवशीच गोळ्या माळ्यावर धानाच्या कोठीमागे ठेवल्या होत्या, आणि लग्न उरकेपर्यंत बंदच ठेवू असं घरात ठरलं होतं. सगळं तिच्या भल्यासाठीच. ती गोळी अशी एकाएकी बंद केली तर फिट उलटून येऊ शकते, हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक. मामी पदर खोचून डब्यावर चढली, वरून पाकीट काढलं, उतरताना डबा पाडला आणि आपल्या हातानं पाण्याचा गिलास दिला. "लग्न मोडलं तं दुसरं भेटल," ती म्हणाली. "गोळी सोडू नको. डॉक्टरले दाखव, तो पाहिजे तं बदलून देईल. अन् हे आमच्या पोट्ट्याले तूच सांगजो, तुह्या तोंडानं."

परतीच्या वाटेवर मामी गप्प होती, आणि तिची चुप्पी बघून गाडीतल्या सगळ्यांचं धाबं दणाणलं. आईला वाटलं मुलीच्या घरी काहीतरी भयंकर आहे. मी घरी आल्यावर मामीला खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "मले काही इचारू नको. तिले फोन कर. अन् ती बोलन तवा मधात बोलू नको." मी फोन केला. त्या मुलीनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, आता तुम्ही नाही म्हटलं तरी मला राग येणार नाही. मला प्रेमाचं काही बोलता येत नव्हतं. आमच्या घरात ज्या भाषेत काळजी करतात तीच एक भाषा येत होती. मी विचारलं, "आजची घेतली का?" पलीकडे ती आधी हसली आणि मग बराच वेळ रडली. माझं लग्न त्या क्षणी ठरलं. आई जरा कुरकुरली, तेव्हा मामीनं तिला एवढंच विचारलं की तुमच्या बीपीच्या गोळीचं त्या लोकांना आपण सांगितलं होतं का. आई त्यानंतर याद्यांच्या तयारीला लागली.

डॉक्टरनं गोळी हळूहळू बदलली. मामीनं क्लिनिकमध्ये बसवून हिरड्या साफ करून दिल्या, ब्रश कसा फिरवायचा ते माझ्या होणाऱ्या बायकोला माझ्या दातांवर करून दाखवलं, आणि लग्नापर्यंत हिरड्या बऱ्याच खाली उतरल्या. मंडपात हार घालायच्या आधी मामी व्यासपीठावर चढली तेव्हा लोकांना वाटलं आहेर करायला आली. ती नवरीच्या कानाशी वाकली, नवरीनं मान डोलावली, मग मंगलाष्टकं सुरू झाली.

मामा गेल्यावर मामी मुलाकडे पुण्याला राहायला गेली. तिथे लिफ्टमध्ये तिनं एका गृहस्थाला रोज काय गिळता विचारलं, तर तो पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्यानं गेला. "इथचे लोक दार लावून गिळतात रे," ती मला फोनवर म्हणाली. हसत म्हणाली. साऱ्या बालाघाटच्या गोळ्या पोटात घेऊन ती तिथे अकराव्या मजल्यावर बसली आहे आणि तिला विचारायला कोणी नाही. संध्याकाळी जेवणानंतर मात्र तिचा फोन न चुकता येतो. आजची घेतली का, हो मामी, बरं, ठेवते. एवढंच. माझी बायको गोळी तळहातावर घेऊन फोनची वाट बघत बसते, फोन वाजला की गिळते आणि मगच उचलते.

परवा फोन आला, मामीनं विचारलं, बायकोनं हो म्हटलं. मामी ठेवणार तेवढ्यात बायकोला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "मामी, तुमची घेतली का?"

एवढ्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिलाही बीपीची गोळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग मामीचा आवाज आला, जरा ओशाळलेला.

"थांब वो," ती म्हणाली. "फोन ठेवू नको. मी घेऊन येते."

आम्ही दोघं फोन कानाशी धरून बसलो. तिची पावलं दूर गेली, कुठेतरी नळ सुटला, गिलास ओट्यावर टेकला. आम्ही फोन ठेवला नाही.