कागदावर दोनच

लुंबिनी रामटेके दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयात आवक-जावक विभागात होती, आणि तिच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: डायरी नंबर असलेल्या आणि न घडलेल्या. एखादा अधिकारी तणतणत यायचा, "मैडम, चिट्ठी मैंने खुद भेजी थी!" ती मान वर न करता विचारायची, "डायरी नंबर?" नंबर नसेल तर चिठ्ठी नाही, आणि तो अधिकारीही जवळजवळ नाहीच. मी तिच्या समोरच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. दोघी मयूर विहारच्या, दोघी नागपूरकडच्या, एकाच चार्टर्ड बसने येणाऱ्या; त्यामुळे तिचा हा तोरा मला सकाळ-संध्याकाळ फुकट बघायला मिळे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ती आठवडाभर आली नाही. परत आली तेव्हा रजेच्या अर्जावर तिच्याच वळणदार अक्षरात कारण होतं, 'व्हायरल ताप'. त्यावर डायरी नंबर मीच टाकला. खरं कारण मला चार वर्षांनी कळलं. तिसरा महिना पुरा व्हायला पाच दिवस असताना तिचा गर्भ गेला होता. सासूबाईंनी, गंगुबाईंनी, तिला मागच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये नेलं आणि मिळालेली चिठ्ठी घरी येताच फाडून टाकली. तीन महिने कुणाला सांगायचं नसतं, आणि न सांगितलेलं गेलं तर तेही सांगायचं नसतं. गंगुबाईंना धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. नवस नाही, गंडा नाही, उपास नाही. फक्त दृष्ट लागते, ही तेविसावी त्यांनी स्वतःच्या अधिकारात जोडलेली. आमच्यातल्या निम्म्या बायकांकडे ती असते. माझ्याकडेही होती, म्हणून तर हसतेय.

शहाण्णवला दुसरा गेला, सत्त्याण्णवला तिसरा. हे दोन्ही मात्र सरकारी दवाखान्यात, शिक्क्यासकट. तिथल्या डॉक्टरांनी तिला मोठ्या सरकारी इस्पितळातल्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. चार तास रांगेत उभं राहिल्यावर त्या तज्ज्ञ बाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "रिकॉर्ड में तो दो ही हैं। तीसरे के बाद आइए, तब सारी जाँच करेंगे।"

दिल्लीत तेव्हा दोन साबणांवर तिसरा फुकट मिळायचे दिवस होते. सगळा देश उदार झालेला, मग इस्पितळ मागे कसं राहील?

"तीन हो चुके हैं," लुंबिनी म्हणाली.

"पहले का काग़ज़?"

परतताना बसमध्ये तिने हे सांगितलं, आणि वर म्हणाली, "वासंतीताई, तिने मला डायरी नंबर विचारला." मला हसू आलं. पण पुढचं ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावावा लागला. "चौतीस वर्षांची आहे मी. नुसती पात्र ठरण्यासाठी परत ते रक्त बघायची ताकद नाही माझ्यात. आधी कारण हवंय. माझं काय चुकतंय, ते कुणीतरी सांगू दे."

नोएडात नवं खाजगी हॉस्पिटल उघडलं होतं. दारात कारंजं, आत संगमरवर, रिसेप्शनवर हसऱ्या मुली. त्यांना किती गेले याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण सरकारी कार्डावर तिथे जायचं तर चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी देणार कोण? त्याच तज्ज्ञ बाई. आमची लुंबिनी हट्टाने जुन्या नर्सिंग होमचा पत्ता शोधत गेली. तिथे आता ब्यूटी पार्लर होतं. रजेचा अर्ज तेवढा आमच्या कपाटात शाबूत होता, सही-शिक्क्यासह, तिला ताप आला होता हे छातीठोकपणे सांगणारा.

उरल्या गंगुबाई. मी एका रविवारी जाऊन त्यांना म्हटलं, "तुम्ही इस्पितळात चला आणि सांगा."

"कायले उकरून काढता आता? झालं ते झालं," त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला संताप आला. चहा न पिता उठले, आणि जिन्यात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या मंगळवारी मी लुंबिनीसोबत गेले. तिचा नवरा संघपालही आला होता, पण बाहेर स्कूटर सांभाळत बसला. तिथे स्कूटरी चोरीला जातात हे खरंच आहे. गर्भ गेले त्या तिन्ही वेळाही त्याची स्कूटर अगदी सुखरूप राहिली. आत आमचा नंबर लागला आणि बघते तर मागे गंगुबाई. पांढरं लुगडं, हातात डब्याची पिशवी, न बोलावता, दोन बस बदलून एकट्या आलेल्या.

"काग़ज़ मिला?" तज्ज्ञ बाईंनी विचारलं.

"कागज मैंने फाडा," गंगुबाई म्हणाल्या. "छब्बीस जनवरी थी. टीवी पे परेड चालू थी. तीन महिने को पाँच दिन कम थे. मैंने गिने थे."

"माताजी, आपको पक्का याद है?"

"मेरेबी दो गए, इसके आदमी के पहले. मेरेको सब याद रहता है. किसीने लिखा नहीं, इसके लिए याद रखना पडता."

लुंबिनीने वळून सासूकडे पाहिलं. दहा वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला, दोनाचा आकडा खोडून तीन केला, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी काढून दिली.

रिपोर्ट तीन आठवड्यांनी आले. रक्तात गुठळ्या होण्याचा दोष होता, त्यावर औषध होतं, आणि लुंबिनीचं काही चुकलेलं नव्हतं. पुढे मूल झालं का, असं आजही लोक मला विचारतात. मी म्हणते, डायरी नंबर आणा, मग सांगते.

त्या दिवशी रक्त देऊन आम्ही बाहेर बाकावर बसलो. गंगुबाईंनी डबा उघडला, लुंबिनीच्या हातात पोळीची गुंडाळी दिली.

मग हळूच विचारलं, "त्यायनं माहेबी लिहिले काय?"

लुंबिनीने केसपेपर उलगडला, त्या ओळीवर बोट ठेवलं. "लिहिलेत, आई."

"किती?"

"दोन."

"बराबर," गंगुबाई म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला.